नानांचं सीरम

१० नोव्हेंबर, सोमवार
वाट लागली! नानांचं सीरम मेलं.

आज रक्त द्यायची पाळी माझी. पवईच्या आमच्या लॅबमध्ये वार लावलेत — प्लेटलेट ताज्याच लागतात, म्हणून आळीपाळीने प्रत्येकाने हात पुढे करायचा. माझ्या प्लेटलेटमध्ये नानांचं सीरम घातलं. लगेच गुठळ्या व्हायला हव्यात. अर्धा तास झाला तरी काही नाही! गुठळीच होत नसेल तर आमचं औषध ती थांबवतं हे दाखवायचं कशावर?

सीरम चार वर्षांपूर्वी त्यांच्या रक्तातून काढून फ्रीजरमध्ये ठेवलेलं. लशीनंतर लाखात एखाद्याला होतं ते नानांना झालं. त्यांच्याच रक्तातली अँटिबॉडी उलटली, मेंदूत गुठळी, डावा हात लुळा. आता ती त्यांच्या रक्तात उरली नाही. एकच कुपी शिल्लक.

लशीला त्यांना नेलं होतं मीच, त्यांच्या लेकीने. ते नको म्हणत होते.

११ नोव्हेंबर
लॅबमध्ये डॅरिल शेजारच्या टेबलावरून — "फ्रीजरने दगा दिला असेल यार, तू कशाला तोंड पाडतेस?" त्याच्यावरच खेकसले. उगाच.

१२ नोव्हेंबर
मी महागाढव आहे!

संध्याकाळी घाटकोपरला गेले. नाना दारातच — "काय गो, रविवारची गोळी लागू पडली?"

रविवारी डोकं दुखत होतं. नानांनी चहाबरोबर डिस्प्रिन दिली, मी मुकाट गिळली. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन! आठवडाभर प्लेटलेट नीट गोळा होत नाहीत. नव्या लोकांना हे मीच शिकवते!

म्हणजे सीरमला काही झालेलं नाही. माझंच रक्त कुचकामी. नानांना घट्ट मिठी मारली. "येडी झालीस काय?"

१३ नोव्हेंबर
डॅरिलला कबूल केलं. पोट धरून हसला, मग बाही वर केली. "घे. गोळीबिळी काय नाय, काल फक्त बोंबील."

सीरम घातलं — गुठळ्या! दुसऱ्या नळीत आधी आमचं औषध, म्हणजे आमची अँटिबॉडी घातली. जनुकं जोडून पेशींकडून बनवून घेतलेली, त्या वाईट अँटिबॉडीची जागा अडवणारी. नळी शेवटपर्यंत दुधाळ, एक गुठळी नाही. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच!

बाथरूममध्ये जाऊन रडले. औषध माणसांपर्यंत पोचायला अजून वर्षं लागतील. तरी किती हलकं वाटतंय!

१६ नोव्हेंबर, रविवार
नानांना सगळं सांगितलं. चार वर्षांत त्यांनी एकही लस घेतली नाही, आणि मीही कधी विषय काढला नाही. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर कधीपासून फ्लूची लस घ्या म्हणतायत. उद्या जाऊ. तूच ने माका."