मद्दु म्हणजे औषध, असे लिहून मिळणेबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
शालेय विज्ञान प्रदर्शन समिती (पूर्व विभाग),
बेंगळूर.

अर्जदार : व्यंकोजी नागोजीराव पवार, वय ७१, निवृत्त फोरमन, राहणार के. आर. पुरम.

विषय : कु. हर्षिता देवाप्पा चौगुले, इयत्ता सातवी, हिच्या वर्तन-नोंदीतील ‘स्फोटक पदार्थ बाळगला’ हे शब्द काढणे व तिचा जप्त डबा परत मिळणे.

संदर्भ : दि. १२ जुलै १९९७ चा पंचनामा. माझे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

आधीचे तीनही अर्ज कन्नडमध्ये होते. सुनावणीच्या दिवशी माझे आडनाव ऐकून आपण म्हणालात, “मराठीत लिहा की. मी निपाणीकडचाच.” म्हणून हा चौथा अर्ज मराठीत करीत आहे.

१. मी दर रविवारी सकाळी घराच्या ओसरीवर मुलांना विज्ञान शिकवतो. धडा सुरू करण्यापूर्वी मी त्यांना डोळे मिटायला सांगतो. आपणही क्षणभर तसे करावे, ही विनंती. आपण बारा वर्षांचे आहात. घर एका खोलीचे. आई लाकडाच्या भुशाच्या शेगडीवर जवळच्या मेससाठी भाकऱ्या भाजते आणि दर भाकरीला तोंड फिरवून खोकते. एका रविवारी एक म्हातारा स्पिरिटच्या दिव्यावर चिमूटभर करडी पूड भुरभुरवतो. ठिणग्यांचे फूल उमलते आणि विझते. आपण वर पाहता. धूर नाही. तेव्हा आपल्या मनात काय येईल, एवढेच ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

२. ती पूड लोखंडाची होती. मी कारखान्यात धातूच्या पुडीच्या विभागात एकतीस वर्षे काढली. लोखंड अगदी बारीक केले तर ते लाकडासारखे पेटते, पण त्यात कोळसा नसल्याने ना धूर होतो ना काजळी. मुलांचा विश्वास बसेना, म्हणून मी पोलादी तारेचा बोळा तराजूत जाळून दाखवला. जळल्यावर तो हलका होईल, असे सगळ्यांनी सांगितले. पारडे खाली गेले. जळताना लोखंड हवेतला प्राणवायू धरून ठेवते, म्हणून ते जड होते. पुढे मी असेही सांगितले की, या जळक्या पुडीला हायड्रोजनच्या भट्टीत तापवले की तिचे पुन्हा लोखंड होते. आम्ही कारखान्यात ते करीत असू. हर्षिताने विचारले, “पुन्हा? तेच?” मी म्हणालो, “पुन्हा. तेच.” हे मी जरा ऐटीत म्हणालो, हे येथे नमूद करतो.

३. प्रदर्शनासाठी तिने ‘बिनधुराची चूल’ मांडली. पत्र्याची चूल, सायकलचा पंप आणि दोन मुठी लोखंडाची पूड असलेला बिस्किटांचा डबा. डब्यावर तिने कन्नडमध्ये चिठ्ठी डकवली : ‘अम्मन मद्दु’. म्हणजे आईचे औषध. धूर गेला की खोकला जाईल, एवढा तिचा साधा हिशोब.

४. आता मुख्य मुद्दा. कन्नडमध्ये औषधालाही मद्दु म्हणतात आणि बंदुकीच्या दारूलाही मद्दुच म्हणतात. आपल्या मराठीतही ‘दवादारू’ आणि ‘दारूगोळा’ यांत शब्द एकच आहे. पण आजाऱ्याची दवादारू करणाऱ्याला कोणी तोफखान्यात शोधत नाही. प्रदर्शनातील पर्यवेक्षकांनी करडी पूड पाहिली, चिठ्ठी वाचली आणि पोलिसांना बोलावले. तिला तीन वेळा विचारण्यात आले, हे मद्दु आहे का? तिने तिन्ही वेळा “हौदु”, म्हणजे होय, म्हटले, आणि वर मराठीत सांगितले, “व्हय, मद्दुच हाय. अम्मासाठी केलंय.” हे सर्व पंचनाम्यात ‘कबुली’ म्हणून आले आहे. मुलगी खोटे बोलली असती तर त्याच संध्याकाळी सुटली असती. खरे बोलावे, हेही तिला मीच शिकवले होते.

५. पहिल्या अर्जात मी नुसती लोखंडाची पूड असे लिहिले; उत्तर आले की, स्फोटक बाळगण्याच्या परवान्याची प्रत जोडावी. दुसऱ्या अर्जात मी पूड स्फोटक नसून मद्दुचा अर्थ औषध असल्याचे लिहिले; तेव्हा प्रकरण औषधांच्या कार्यालयाकडे गेले आणि तेथून लोखंडाच्या दोन मुठींसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागण्यात आली. तिसऱ्यात मी ते इंधन असल्याचे लिहिले. त्यावर, एकच अर्जदार एकाच वस्तूची तीन वर्णने देतो, असा शेरा पडला. आपले लिपिक विद्याधर हे दर खेपेस आदराने म्हणतात, “अण्णा, स्वल्प थांबा, फाइल साहेबांकडेच आहे.” त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. शाळेने मात्र तिला घरी बसवले आहे, आणि त्या नोंदीमुळे दुसरी शाळा तिला घेत नाही.

६. दि. ९ सप्टेंबर रोजी हर्षिताची आई कल्पना वारली. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे फुप्फुसे वर्षभरापूर्वीच निकामी झाली होती. आमच्या डब्याने काहीही झाले नसते. पण हर्षिता तसे मानत नाही. अम्माचे मद्दु सरकारने कुलपात ठेवले आणि म्हणून अम्मा गेली, असे ती समजते. ती रडत नाही. डबा कधी मिळणार, एवढेच ती मला अजूनही विचारते, आणि मिळाल्यावर काय करणार ते सांगत नाही.

७. महोदय, माझी अडचण अशी आहे. ते औषध नव्हते, असे मी तिला सांगितले, तर मद्दु या शब्दाचा दुसराच अर्थ उरतो. आणि तो आपल्या कागदावर लिहिलेला आहे. ते औषध होते असे म्हटले, तर तिची आई डब्याविना मेली, असे होते.

८. आईच्या दिवसांनंतरच्या रविवारी ती एकटी आली. इतर मुले गेल्यावर तिने तराजू मागितला. कृष्णेत सोडण्यासाठी घरी ठेवलेल्या रक्षेतली चिमूटभर तिने कागदाच्या पुडीत आणली होती. ती पारड्यात ठेवली. काटा जेमतेम हलला. ती म्हणाली, “अज्जा, जळलं की जड होतं म्हणालात. अम्मा हलकी का झाली?” मी सांगितले, बाळ, ते लोखंडाचे. माणसाचे बहुतेक सगळे धुराबरोबर जाते. तिने थोडा विचार केला आणि विचारले, “मग तुमची ती भट्टी?” मी नकारार्थी मान हलवली. “सरी. बरं,” म्हणाली, आणि पुडी बांधून घेतली.

९. तरी विनंती की, वर्तन-नोंदीतील ते शब्द काढून तिला शाळेत बसू द्यावे. डबा परत करावा. पूड हवी तर ओतून घ्यावी, चिठ्ठी मात्र फाडू नये. आणि आपल्या शिक्क्याचे एक पत्र तिच्या नावे द्यावे. त्यात एवढेच असावे की, हर्षिता, तुझ्या डब्यात दारू नव्हती, तू आईसाठी इंधन केले होतेस. आणि तो डबा त्याच दिवशी घरी आला असता, तरी आई राहिली नसती. हे मीही तिला सांगितले आहे. पण ‘पुन्हा’ हा शब्द माझाच होता, त्यामुळे माझ्या बोलण्यावर तिचा आता भरवसा नाही. शिक्क्यावर आहे. शिक्क्याने काय होते, ते तिने पाहिले आहे.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून असलेला,

व्यं. ना. पवार
दि. ६ ऑक्टोबर १९९७

सोबत : आधीच्या तीन अर्जांच्या व उत्तरांच्या प्रती, कल्पना देवाप्पा चौगुले यांच्या मृत्यूचा दाखला, शब्दकोशातील ‘मद्दु’ या शब्दाच्या पानाची नक्कल, दोन्ही अर्थ अधोरेखित.

ता. क. : हा अर्ज लिहीत असताना हर्षिता समोर बसली होती. कशाबद्दल आहे, असे तिने विचारले. मी सांगितले. मग तिने फ्रॉकच्या खिशातून ती रक्षेची पुडी काढली, माझ्या हातातले पेन घेतले आणि पुडीवर कन्नडमध्ये, पोलिसांनाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘हे मद्दु नाही.’