शेवटच्या घरची अक्षत

सासूबाई, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आणि तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. एका घरात राहणाऱ्या सासवा-सुनांनी पत्रं कसली लिहायची? जे बोलायचं ते भाजी निवडताना बोलून व्हायचं, आणि जे बोलायचं नसायचं ते गिळून टाकायचं. तसं गिळलेलं एक अजून माझ्या घशात आहे. ते आज सांगलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत बसून लिहिते आहे. तुमचा मुलगा जाऊन सहा वर्षं झाली. तुमची नातवंडं पुण्याला असतात, रविवारी फोन करतात. मी बरी आहे असं सांगते, आणि त्यांनाही ते पटतं.

वाईतल्या आपल्या आळीचं तुम्हाला मी काय सांगावं! पण माझ्या माहेरी, सांगलीत, असलं काही नव्हतं, म्हणून मला ते अजून लख्ख दिसतं. आपल्या नदीचा, कृष्णाबाईचा उत्सव दरवर्षी सगळ्या आळ्यांकडे पाळीपाळीने यायचा. आपली पाळी आली की वर्षभर स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या न घेणारे पुरुष कमरेला पंचा गुंडाळून आमटीची पातेली ढवळायला लागायचे, आणि मीठ किती यावरून दोन वकील एकमेकांशी भांडायचे. आम्ही बायका ओसरीवर वांगी चिरत हसत बसायचो. घाटावर पंगती मांडायच्या, भात, आमटी, गव्हाची खीर. आमंत्रण मात्र साधंसुधं नसायचं, चूलबंद असायचं. प्रसादाच्या दिवशी सकाळी आळीतल्या प्रत्येक दारी कुंकवाची अक्षत जायची. अक्षत आली की त्या घरात चूल पेटायची नाही, आणि अक्षत आल्याशिवाय त्या घरातलं कुणी पंगतीला यायचं नाही. शेजारच्या घरी आली, आपल्याकडे येईलच, असं म्हणून आधीच पाटावर जाऊन बसणारी माणसं नव्हती ती.

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि मला तिसरा महिना होता. अक्षतीची वाटी तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "जा, घरोघर दे. आळीला सूनही दिसेल." मी मोठ्या तोऱ्यात निघाले. जरीचं लुगडं, नाकात नथ, बारक्या पोरांची पलटण मागे. "कृष्णाबाईचा प्रसाद आहे हो, सगळ्यांनी यायचं," असं म्हणत घरामागून घरं केली. शेवटचं घर घाटाच्या पायऱ्यांलगतचं. तिथे कोपऱ्यावरच्या काकू एकट्या राहायच्या. बाराव्या वर्षी विधवा झालेल्या, लाल आलवणातल्या, डोईवरून पदर घट्ट ओढलेल्या. दिवसातून एकदाच जेवायच्या, तेही दिवस मावळायच्या आत.

दुपारी पंगतींवर पंगती उठल्या. ऊन डोंगराआड गेलं आणि पत्रावळी घेऊन येणारी बाई तुमच्यापाशी आली. "आवं काकी, त्या कडंच्या घरची म्हातारी सकाळधरनं उंबऱ्यात बसून हाय. म्या इचारलं, जेवलासा का? तर म्हनली, अजून बोलावणं आलं न्हाई. चूल बी पेटवली न्हाई तिनं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तिथे अक्षत दिली होतीस ना?"

"विसरले," मी म्हणाले.

"विसरायला तो काय वाटेतला दगड आहे? माणूस राहतं तिथे!" एवढंच बोललात. आवाज चढवला नाहीत, पण त्या दिवसापर्यंत मला सासरी कुणी इतकं लागेलसं बोललं नव्हतं. मग वाटी उचललीत आणि मला बरोबर घेतलंत.

काकू उंबऱ्यातच होत्या. आलवण धुवून नेसलेल्या, हातात पाण्याचं फुलपात्र. आपण दिसताच घाईघाईने उठल्या. तुम्ही त्यांच्यासमोर वाकलात आणि म्हणालात, "माझं चुकलं. हिला मी घरं नीट सांगितली नाहीत." माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात, तेही कृष्णाबाईच्या दिवशी, आणि मी खाली मान घालून ते बोलू दिलं. काकू हसल्या. "अगं, एवढ्या घरांत एखादं राहायचंच. फक्त चूल पेटवावी की नाही ते कळेना. पेटवली आणि मागून अक्षत आली तर कृष्णाबाईला काय वाटेल?" दिवस मावळला होता, त्यामुळे आता त्या जेवणार नव्हत्या. उद्या दुपारपर्यंत नाही. त्यांनी अक्षत दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू पोटभर जेवलीस ना गं? या दिवसांत उपाशी राहू नये."

त्या रात्री तुम्हीही जेवला नाहीत. मी जेवले.

आता ते सांगते. मी विसरले नव्हते, सासूबाई. मी त्या घरापर्यंत गेले होते. काकू आत भांडी लावत होत्या, पाठमोऱ्या. माझ्या माहेरी शिकवलेलं, हळदीकुंकवाला विधवेचं दार टाळायचं. ही अक्षत हळदीकुंकवाची नाही, घराची आहे, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण पोटात मूल होतं आणि सकाळच्या वेळी ते पांढरं कपाळ समोर यायला नको, असं वाटलं. मला भीती वाटली. पोरांना "इथलं झालं" म्हणाले आणि परत फिरले. दुसऱ्या वर्षापासून तुम्ही वाटी देताना "पहिली शेवटच्या घरी" असं बजावायचात. मी काकूंच्या दारापासून सुरुवात करायची, त्या असेतो. तुम्ही ओळखलं होतंत का? विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि मग तुम्ही गेलात.

हे आजच का, तर आज आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. चौथ्या मजल्यावरची मुलगी, गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली, दारोदार बोलवायला फिरत होती. गोड आहे, जिन्यात भेटली की "आजी, हात धरू का?" म्हणते. दुपारी समोरच्या दाराची बेल वाजली, हसणं ऐकू आलं, मग पावलं माझ्या दाराशी आली आणि थांबली. मी आतल्या बाजूला उभी होते. बांगड्या किणकिणल्या, म्हणजे तिने हात उचलला असावा. मग पावलं जिन्याने वर गेली. तिचा राग आला नाही मला. कुणी तिला सांगितलं असेल, नसेलही. दाराशी येऊन पावलं अशी का थांबतात, ते माझ्याइतकं कुणाला कळणार? मला फक्त काकू कशा बसल्या असतील ते पहिल्यांदा कळलं. इतक्या वर्षांनी, आणि तेही माझ्यावर आलं तेव्हा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी करून तुमच्या त्या अक्षतीच्या वाटीत ठेवीन, ती मी सांगलीला येताना घेऊन आले होते. आता वरून बायकांचे आवाज येताहेत, उखाणे चाललेत.

एक मात्र तुम्हालाच सांगते, मुलांना फोनवर सांगणार नाही. सकाळीच मी कपाटातली ठेवणीतली साडी काढून नेसले होते. अजून बदललेली नाही.