गाडी कुणाची

मुडबी,
रविवार, दुपार

प्रिय गुरुबसव,

तुझं घर माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, आणि मी तुला पत्र लिहितोय. हसशील. मराठी शाळेत माझ्याच बाकावर बसून शिकलास, तरी अजून मराठी वाचताना तुझे ओठ हलतात. म्हणून आधीच सांगतो, हे नागरत्नावहिनींसमोर वाचू नकोस. गॅरेजचं शटर ओढून घे आणि मग वाच.

मंगळवारी सिंधुदुर्गाच्या कोर्टात आपली साक्ष. काल तू म्हणालास, "तिकडं तूच बोल रे बुद्धा, आपला कायदाच हाय तसा." कायदा आपणच केलेला. कर्नाटकात तू बोलायचं, महाराष्ट्रात मी. कलबुर्गीच्या बाजारात तुझं तोंड चालायचं, उदगीर-लातूरला माझं, आणि दुसऱ्यानं पिशव्या धरून गप्प उभं राहायचं. दहावीपासून हे आपण पाळत आलो. ते मी दोनदा मोडलं. दुसऱ्यांदा कसं मोडलं, हे तुला माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या सहलीची तुला कोण हौस होती. गाडी नवी होती. कागदावर नाव तुझं, पण तुझ्या आईनं, बसम्माअव्वानं, पुढं लिंबू-मिरची बांधली आणि मागच्या काचेवर निळं चक्र मी चिकटवलं. गावात कुणी विचारलं, गाडी कुणाची, तर तू आणि मी दोघंही सांगायचो, आपली. माझी पंचशीला तेव्हा चौथीत होती. तिला समुद्र बघायचा होता, तिच्या आईला, मैत्रेयीला, जंगल आणि तुला रबरी होडीतून नदीच्या धारेत उड्या मारायच्या होत्या. दांडेलीला तुझी उडी मारून झाली. त्याच नदीवर पुढं संथ पाण्यात मगर दिसली. आम्ही फोटो काढत होतो, तेवढ्यात काठावर पाणी प्यायला आलेल्या कुत्र्यांतल्या एकाला तिनं धरलं. कुत्रं ओरडलंसुद्धा नाही. पाणी दोनदा लाल होऊन वर आलं आणि परत हिरवं झालं. पंचशीलेनं विचारलं, दुसरी कुत्री का पळाली, त्याला का ओढलं नाही. तू तिला सांगितलंस, "कुत्र्याला कुठं दोस्त असतोय गं बाळा." मी ते विसरलेलो नाही.

त्याच संध्याकाळचा ढाबा आठव. मी पोरीला मराठीत रागावलो, भात सांडू नको म्हणून. शेजारच्या टेबलावरच्या चौघांतला एक म्हणाला, इथं राहता तर कन्नड बोला. मला कन्नड येत नव्हतं असं थोडंच होतं. पण मास्तरकीचा ताठा नडला आणि मी मुद्दाम मराठीतच उत्तर दिलं. त्यानं अशी थोबाडीत दिली की चष्मा सांबारात पडला. दुसऱ्यानं लोखंडी स्टूल उचललं. तू मधे आलास, त्याचं मनगट धरलंस आणि म्हणालास, "इव नन्न तम्म." हा माझा धाकटा भाऊ. स्टूल तुझ्या कानावर बसलं. कानातून रक्त येत असताना तू त्यांच्याशी कन्नडमध्ये भांडत होतास, आणि शेवटी तेच गप्प झाले. गाडीत बसल्यावर वहिनी कानाला कापूस लावत होत्या आणि तू हसत होतास. म्हणालास, "कायदा मोडलास की रे. कर्नाटकात बोलायलास कामून?"

दोन दिवसांनी गोवा ओलांडून आपण सिंधुदुर्गात उतरलो. तू जाहीर केलंस, आता बुद्धा मालक, मी मुका. किनाऱ्यावर पोचेपर्यंत दुपार झाली होती. तू हौसेनं गाडी पार वाळूत घातलीस आणि मागची चाकं रुतली. बायका पुढं बोटीवाल्याकडं डॉल्फिनची चौकशी करायला गेल्या. मी चाकाखाली घालायला नारळाच्या झावळ्या आणायला गेलो, असं तू आजवर सगळ्यांना सांगत आलास. मी झावळ्या आणून कधीच परत आलो होतो, गुरू. तू कानात कापूस घालून गाडीखाली आडवा होऊन वाळू उकरत होतास. मी गाडीपासून दहा पावलांवर होतो आणि पंचशीला माझं बोट धरून उभी होती.

दहा-बाराजण आले. आदल्या दिवशी सीमेवर कुठंतरी एसटीला काळं फासलं होतं, त्याचा राग घेऊन फिरत होते. एकाच्या हातात काळ्या रंगाचा डबा होता, बाकीच्यांच्या हातात गज आणि वल्ह्याची लाकडं. त्यांनी आपली कर्नाटकची नंबरप्लेट पाहिली. मग माझ्याकडं वळून विचारलं, "गाडी कुणाची रे?"

बोलायची पाळी माझी होती. आपली, एवढं एकच बोलायचं होतं. सरहद्दीवरची माणसं आहोत, मराठी शाळेत शिकवतो, हा माझा थोरला भाऊ. हे सगळं मला स्वच्छ मराठीत सांगता आलं असतं आणि कदाचित ते रंग फासून निघून गेले असते. मी म्हणालो, "आमची नाही, त्याची. आम्ही मराठी आहोत." आणि गाडीखालून बाहेर आलेल्या तुझ्या पायांकडं बोट केलं.

भीती होती, ती नाकारत नाही. गाल अजून दुखत होता. पण नुसती भीती असती तर मी आज इतका जळलो नसतो. जन्मात पहिल्यांदा गर्दी माझ्या बाजूची होती. आमच्या गल्लीतल्या माणसाला हे सुख कधी मिळत नाही. ते एका क्षणापुरतं मला गोड लागलं. आणि ते मी कुणाच्या जिवावर घेतलं, तर गावात ज्या एकाच चुलीपाशी माझा पेला कधी वेगळा ठेवला नाही, त्या बसम्माच्या लेकाच्या.

त्यांनी तुला पाय धरून ओढून काढलं. तुझ्या डोळ्यांत वाळू होती. कोण आहे हे न बघता तू "अण्णा, अण्णा" म्हणत हात जोडलेस. आपल्याकडं मराठी माणूसही अनोळख्याला अण्णाच म्हणतो, पण तिथं त्या एका शब्दानं त्यांची खात्री पटली. जोडलेल्या हातांवरच पहिला गज पडला. दुसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्यांनी तुझा उजवा हात बॉनेटवर धरून ठेचला. मी धावलो ते त्यानंतर. मला पाठीवर एक लाकूड बसलं, तेवढंच.

आणि गावानं मला हार घातला. बुद्धा नसता तर मेलो असतो, हे तू दोन वर्षं सांगतोयस. तुझ्या त्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, पाना धरता येत नाही. गाडी चालवता येत नाही म्हणून किल्ली मला दिलीस, आणि ती माझ्या दारात उभी आहे. अव्वा दर अमावास्येला पुरणाची होळीगे पाठवते. मी खातो, गुरू. गिळतो.

परवा जुन्या वह्या आवरताना पंचशीलेचा निबंध सापडला. आमची सहल. मगर आहे, होडी आहे, ढाबाही आहे. शेवटी लिहिलंय, "मग त्या लोकांनी पप्पांना गाडी कुणाची ते विचारलं. पप्पा काय म्हणाले ते मी लिहिणार नाही." तिनं दोन वर्षांत माझं बोट धरलेलं नाही. मला वाटायचं, मोठी झाली.

म्हणून हे पत्र. मंगळवारी साक्षीत मी हे सगळं सांगणार आहे, कोण आले, कुणी मारलं आणि कुणी दाखवलं. कोर्टात भरल्या लोकांत तुला ते पहिल्यांदा कळू नये. मी सोमवारी दुपारी बसनं निघेन. किल्ली पाकिटात घातली आहे. नागरत्नावहिनींच्या भावाला सांगून गाडी घेऊन जा, कारण ती तुझी आहे. आणि सोमवारी दुपारच्या आत ती माझ्या दारात येऊन थांबली, तर मी काही न विचारता आत बसेन. नाही थांबली तरी तिथं गेल्यावर तुझ्या वाटचं मीच बोलेन. कायदा तसाच आहे.

‘तुझाच’ असं लिहायला हात धजत नाही.

बुद्धरत्न