फुटक्या पुलीचे माप

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौपन्न, धंदा वजनकाटे दुरुस्त करून तपासून देणे, माझ्या मागे काय कोणाचे हे आज लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. बहात्तरला ते "पुरे" म्हणाले. मी दोनपर्यंत जाऊन थांबलो. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणण्याची घरात कोणाची छाती नाही.

येत्या गुरुवारी माझे पित्ताशय काढणार आहेत. सर्जन म्हणाले, "साधं काम आहे हो." साधे काम म्हणणाऱ्या माणसावर माझा भरवसा नसतो. म्हणून हा खटाटोप.

कलम १. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या व खालची कार्यशाळा, आणि बँकेत जे काही असेल ते, सर्व माझ्या पत्नीचे. तिने माझ्याबरोबर तीस वर्षे काढली. हे बक्षीस नव्हे, भरपाई आहे, असे तिचेच म्हणणे. न्हाणीघराचा नळ डावीकडे जोरात पिळू नये. हे मी तिला अनेकदा सांगितले आहे. आता लेखी देत आहे.

कलम २. पितळी प्रमाण वजनांची पेटी, चिमट्यासह, विकायची असल्यास विकावी, पण मागच्या गल्लीतल्या काटेवाल्याला देऊ नये. तो वजने बोटांनी उचलतो. बोटाचा घाम पितळेला लागतो, पितळ काळे पडते, वजन बदलते. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अहो, कांदे-बटाटेच तर तोलायचेत." अशा माणसाला पेटीचे झाकणसुद्धा मिळू नये.

कलम ३. माझे थोरले बंधू यांना माझा व्यास-जाडी मोजायचा जुना व्हर्नियर द्यावा. तो त्यांनी एकदा मागून नेला व त्याने रंगाच्या डब्याचे झाकण उचकटले. जबडा वाकला. परत देताना म्हणाले, "काही झालं नाही रे, थोडासाच तर." त्यांना तो आवडला होता, तर राहू दे त्यांच्याकडे. नवा व्हर्नियर त्यांना दाखवूही नये.

कलम ४. मँडोलिन. याबद्दल सविस्तर लिहावे लागेल, कारण याच्यावरून माझ्या घरात आणि घराबाहेर बरेच बोलले गेले आहे, आणि बोलणाऱ्यांना काडीचे कळत नाही.

एकोणतिसाव्या वर्षी मी हे वाद्य एका बँडवाल्याकडून जुने घेतले. गुरू केला नाही. त्या काळी गल्लोगल्ली क्लास होते. एका क्लासात जाऊन पाहिले. मास्तर चहा पीत होते आणि सहा जण सहा वेगवेगळ्या ठिकाणी चुकत होते. मी जिना उतरलो आणि बाजारातून कॉर्डची एक पुस्तिका आणली. तिच्यासोबत एक कॅसेट होती. तीत एक गृहस्थ चारही जोडतारांचे सूर एकेक करून ऐकवतात. त्यावर तारा लावायच्या आणि पुस्तकातल्या ठिपक्यांवर बोटे ठेवायची. जी, सी, डी या तीन कॉर्डना दोन-दोन बोटे पुरतात. तीन आठवडे बोटांची कातडी निघत होती, नंतर घट्टे पडले. एफ मात्र सात महिने बसला नाही. सात महिने तीन दिवस.

मग माझी पद्धत. गाणे लावायचे, थांबवायचे, कोणता कॉर्ड बसतो ते शोधायचे, वहीत लिहायचे, कॅसेट मागे घ्यायची. गाणे पूर्ण झाले की पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्यासोबत वाजवायचे. बंधू याला "मशीनच्या मागे मागे खाजवणं" म्हणतात. पत्नी म्हणाली, "अहो, गाणारा तिकडे गाऊन केव्हाच पैसे घेऊन गेला, तुम्ही इथे त्याला कसली साथ करताय?" मी दोघांनाही उत्तर दिलेले नाही. कॅसेट कोणाचे लाड करत नाही. तुम्ही चुकलात तर ती थांबत नाही, बरोबर वाजवलेत तर मान डोलावत नाही. इतका सरळ सोबती मला माणसांत भेटला नाही. हल्लीची पोरे फोनच्या पडद्यावर सरकणारे कॉर्ड बघून वाजवतात. त्याला वाजवणे म्हणायचे, तर बसची पाटी वाचण्यालाही साहित्य म्हणावे लागेल.

माझी मुलगी चौथ्या वर्षापासून कार्यशाळेत उलट्या खोक्यावर बसून या साथीत गात असे. तिचे एक होते. मी बटण दाबण्याच्या आधीच ती सूर धरायची, आणि मागाहून गाणे येऊन तिच्या सुरात मिळायचे. मला त्यात विशेष वाटले नाही. माझी मुलगी आहे, असेच असणार, असे वाटले.

ती तेरा वर्षांची असताना शाळेत गायनवृंदासाठी निवड होती. संगीतशिक्षकांनी पेटीवर सा दिला, तिने गायला सुरुवात केली, आणि दोन ओळींत ती वर सरकली. त्यांनी पुन्हा सा दिला. पुन्हा वर. ते म्हणाले, "हिचा कान चढा आहे." घरी येऊन तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी मी टेपरेकॉर्डर उचलून शाळेत गेलो, सगळ्या मुलांसमोर तो त्यांच्या पेटीवर ठेवला, गाणे लावले आणि म्हणालो, "ऐका. तुमची पेटी उतरलेली आहे."

ते म्हणाले, "मग बाजारातल्या सगळ्याच पेट्या उतरल्यात का?"

मी म्हणालो, "असतील. कोणी तपासतंय का? मी रोज काटे तपासतो. वीस दुकानांत वीस काटे खोटे निघतात, आणि वीसही दुकानदार म्हणतात आमचाच खरा. तुम्ही पेटी बडवणारे, तुम्हाला सुरातलं काय कळणार?"

मुले हसली. मी मशीन उचलून घरी आलो. माझ्या मते जिंकून आलो.

मुलीने त्यानंतर शाळेत गाणे सोडले. पाठोपाठ घरीही सोडले. ती माझ्या बाजूने उभी राहिली, असे मी समजलो.

कलम ५. कॉर्डच्या नऊ वह्या, एकूण गाणी चारशे बारा. या कोणाला द्याव्यात, हे कलम सातमध्ये. झेरॉक्स काढून वाटू नयेत. ज्याला हवे त्याने बसून उतरवून घ्यावे. उतरवताना निम्मे शिकून होते.

कलम ६. टेपरेकॉर्डर. हे कलम मी तीनदा फाडले आहे.

मुलगी चार वर्षांची असताना या मशीनच्या मोटरवरची पट्टा फिरवणारी पुली तडकली. प्लॅस्टिकची होती. दुकानदार म्हणाला, नवीन मशीन घ्या. मी अशा लोकांचे ऐकत नाही. तडकलेली पुली काढून व्हर्नियरने व्यास घेतला, एकदा नव्हे, तीन ठिकाणी, आणि त्याच मापाची पितळी पुली स्वतः लेथवर कातून बसवली. ती आजही कंपनीच्या पुलीपेक्षा गोल फिरते. आल्यागेल्याला मी ती झाकण उघडून दाखवत असे.

चौदा महिन्यांपूर्वी पट्टा झिजला म्हणून मशीन उघडले. ड्रॉवरमध्ये काडेपेटीत ती जुनी पुली मिळाली. सहज व्हर्नियरच्या जबड्यात धरून जरा दाबली. तडा मिटला. व्यास पाव मिलिमीटरने कमी भरला.

तडकलेली वस्तू उमलते. तडा उघडा असताना मी तिचे माप घेतले होते. माप अचूक होते, वस्तू फुटलेली होती. मोठी पुली पट्टा जास्त वेगाने ओढते, पट्टा कॅसेट जास्त वेगाने ओढतो, आणि प्रत्येक गाणे अर्ध्या स्वराच्याही अर्ध्याने वर चढते. खात्री करायला शेजारच्या शिंप्याचा टेपरेकॉर्डर आणला. कॅसेटची एक बाजू त्याच्यावर एकतीस मिनिटे चार सेकंद चालली, माझ्यावर तीस मिनिटे दहा सेकंद. म्हणजे शंभरात तीन. एवढा फरक काट्यात सापडला, तर मी दुकानदाराला उभा झाडतो.

बावीस वर्षे मला कळले नाही, कारण तारा मी याच मशीनवर लावत होतो. गाणे खोटे, तार खोटी, पण दोघे एकमेकांशी चोख. वह्यांतले सगळे कॉर्ड म्हणूनच बरोबर आहेत. मँडोलिनच्या खुंट्या किंचित सैल केल्या की तेही खऱ्या सुरात आले. पोरीला खुंट्या नव्हत्या. तिने नऊ वर्षे गाणी जशी ऐकली तशी पाठ केली, आणि तिथेच ती जात राहिली.

कलम ७. मँडोलिन, नऊ वह्या, टेपरेकॉर्डर व दोन्ही पुल्या माझ्या मुलीच्या. ती आज सत्तावीस वर्षांची आहे, चष्म्याच्या भिंगांना घासून आकार देण्याचे काम करते आणि त्यात माझ्याइतकीच काटेकोर आहे. गेल्या वर्षी एका नातेवाइकाकडे सगळ्यांनी गाण्याचा आग्रह केला, तेव्हा ती हसून म्हणाली, "नको हो, माझ्या कानातच दोष आहे." मी तिथे बसलो होतो. पुलीचे मला तेव्हा कळलेले होते. मी पाणी मागितले. तिच्या कानात दोष नाही, हे तिला माझ्या पश्चात या कागदावरून कळावे, म्हणून पाकीट मोहोरबंद करून ठेवत आहे.

कलम ८. वरचे वाक्य लिहून मी पाकीट चिकटवले, आणि अर्ध्या तासाने फाडले. काट्यावर शिक्का मारायचा, आणि काटा खोटा होता हे गिऱ्हाइकाला आपण मेल्यावर कळेल अशी तजवीज करायची, असे कोणी केले, तर मी त्याला चोर म्हणेन. सोमवारी मुलीला बोलावले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद तिच्यापुढे ठेवले. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे नोंदवतो.

तिने शेवटपर्यंत वाचले, मग एक पान मागे घेतले. "चौदा महिने?"

"हो."

"दर रविवारी येते मी, बाबा. मागच्या महिन्यात मला त्या मशीनचं झाकण धरायला लावलंत तुम्ही. बॅटरी धर म्हणालात."

"म्हणालो."

"आणि तेव्हाही नाही सांगितलंत."

"नाही."

"तुम्ही भित्रे आहात."

यात मला कोणतीही दुरुस्ती सुचवता आली नाही. ओट्याजवळून पत्नी म्हणाली, "बघ बाई, तीस वर्षं मी याच शब्दाच्या शोधात होते."

मुलगी हसली नाही. "गाण्याच्या सरांना सांगितलंत?"

"त्यांचा काय संबंध? ते काही माझे वारस नाहीत."

"साक्षीदार दोन लागतात ना? एक शिंपीकाका. दुसरे सर. उद्या सकाळी गाडी काढते. सही तिथे करायची."

"तो माणूस मला दारात उभा करणार नाही."

"मग दाराबाहेर करा."

कलम ९. त्याप्रमाणे आज मंगळवारी मी, मुलगी व शिंपी असे तिघे संगीतशिक्षकांच्या घरी गेलो. ते आता निवृत्त आहेत, काठी घेऊन चालतात. मला त्यांनी लगेच ओळखले. आत या म्हणाले नाहीत. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, फक्त सही होताना पाहावी लागते, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मी वाचतो." पायरीवर बसून त्यांनी पहिल्या कलमापासून, नळासकट, सगळे वाचले. मी उभा होतो. शिंपीही उभा होता. पाऊण तास लागला. ते हळू वाचतात, की मुद्दाम हळू वाचत होते, हे मला सांगता येत नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या मुलीला हाक मारली. "अगं, इकडे ये. मी तुझ्या कानाला काय म्हणालो होतो, आठवतं?"

"चढा आहे, म्हणालात."

"चढा म्हणालो. कच्चा म्हणालो नव्हतो. कच्चा असता तर तू दर खेपेला वेगळीकडे गेली असतीस. मी सहा वेळा सा दिला. सहाही वेळा तू एकाच जागी जाऊन उभी राहिलीस, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. एकतीस वर्षं शिकवलं मी. असा कान दुसरा पाहिला नाही. तुला वृंदात नाही, वेगळं बसवून शिकवायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो." मग त्यांनी काठी माझ्या दिशेने केली. "दुसऱ्या दिवशी हे आले, मशीन घेऊन."

 मुलीने पर्समधून पेन काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "करा सही."

हे कलम त्याच पायरीवर, गुडघ्यावर पाटी ठेवून लिहिले आहे, आणि सर्वांना वाचून दाखवले आहे. "जिंकून आलो" हे शब्द खोडू का, असे मी विचारले. संगीतशिक्षक म्हणाले, राहू द्या. कुठेही खाडाखोड नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. गुरुवारी वाचलो, तरीही हेच कायम समजावे.

ठिकाण : संगीतशिक्षकांचे घर, बाहेरची पायरी
वार व वेळ : मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे

लिहून देणार : सही (काटे दुरुस्त करणारा)

आम्ही दोघांनी ही सही आमच्या डोळ्यांदेखत होताना पाहिली :

साक्षीदार १ : सही (शेजारचा शिंपी)

साक्षीदार २ : सही (संगीतशिक्षक, निवृत्त, मजकूर पूर्ण वाचून)