काटेवाल्याची राहिलेली पानं

सोमवार, ता. ३

चि. ठकूस,
आजीचे प्रभूमध्ये अ. आ. आणि गालावरून हात. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. मोटारीत मला खिडकी दिली, वयाचा मान म्हणून. मी दोनदा ओकले, तेही सगळ्यांनी वयाचा मान म्हणूनच सोसलं. ही दगडाची खाण केवढी मोठी गं! धूळ इतकी, की काळी कोंबडीसुद्धा पांढरी दिसते. डॉक्टरीणबाई खोकलेकरी तपासतात, पाळकसाहेब संध्याकाळी देवाचं वचन सांगतात आणि मी लोकांचं फाटकं शिवते. मंडळीतले लोक म्हणत होते ना, या सेवेच्या प्रवासाला म्हातारी कशाला? आता येऊन बघा म्हणावं. सकाळपासून माझ्या शेडपुढे रांग! पाळकसाहेबांपुढे एवढी नसते, पण हे कुठे बोलू नकोस. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला इथे मॅडम म्हणतात. मी लाजते आणि दोरा सुईच्या बाजूनेच जातो.

तर काय सांगत होते. मी नुसती शिवायला आलेले नाही, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या बापाचं सात वर्षांपूर्वी कार्ड आलं, त्यावर इथल्याच टपालाचा शिक्का होता. म्हणून मी एकेकाला विचारणार, डाव्या भुवईवर खूण असलेला माणूस पाहिलात का. लहानपणी मशीनच्या चाकावर पडला होता. रागावू नकोस. नऊ वर्षांची तू, तुला माझ्या पदरात टाकून तो गेला, हे मी विसरले नाही. पण माझा तो मुलगाच ना.

दूध उतू घालवू नकोस. माया करतेस तशीच करत जा.
तुझी आजी


शुक्रवार, ता. ७

ति. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या रांगेची बातमी मी शाळेत सगळ्या बाईंना वाचून दाखवली, पाळकसाहेबांचा भाग गाळून. मोठ्या बाई म्हणाल्या, आजींना आपल्याकडेच बोलवा, बालवर्गाच्या चड्ड्यांना बटणं लावायला. गोळ्या घेतेस का? घेते असं खोटं लिहू नकोस, मी डॉक्टरीणबाईंना वेगळं पत्र टाकलं आहे.

आजी, बाबांना शोधू नकोस. आईला पुरून आल्यावर महिन्याभरात ते गेले. अकरा वर्षांत एक कार्ड, तेही तुला. त्यात माझं नाव नव्हतं. मी ते पुढून-मागून किती वेळा पाहिलं, तुला माहीत नाही. भेटलेच तर मी बरी आहे एवढं सांग. नको, तेही सांगू नकोस.

लवकर ये. घर फार गप्प आहे. तुझा लोभ आहेच, तो वाढव.
ठकू


बुधवार, ता. १२

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बसून वाच. तुझा बाप गेला, बाळा. दोन वर्षं झाली. त्याची माती मी काल पाहून आले.

इथे गाड्यांचं वजन करायला काटा आहे, त्यावर तो नोंद करायचा, म्हणून त्याला काटेवाला म्हणत. खूण सांगितल्याबरोबर दगड फोडणाऱ्या बायकांची मुकादमीण हातातला हातोडा खाली ठेवून माझ्याशेजारी बसली. आवाज असा, की घंटेवाचून तुमची शाळा सुटेल. पण तेव्हा हळू बोलली. त्याची दारू इथे सुटली होती म्हणे. मग खोकल्याने धरला, काम गेलं. आठ घरांनी त्याची पाळी लावली. रोज एक घर जेवण भरवणार, अंग पुसणार, कूस बदलणार. आठ महिने! स्वतःच्या पोरांना पोटभर नाही गं त्यांच्या. मी तिचे हात पाहत होते. नखं फुटलेली. ह्या हातांनी माझ्या लेकराचं तोंड पुसलं.

पुढचं ऐक. तो रोज संध्याकाळी आपल्या शास्त्राचं, बायबलचं, एक पान मोठ्याने वाचायचा. ह्या लोकांचा देव वेगळा, वाचता कुणालाच येत नाही, तरी ऐकायला बसायचे. तो गेला तेव्हा पुस्तक मध्यावरच होतं. त्यांना वाटलं, माणसाचं हे काम अर्धं राहिलं, आता ते आपल्यावर आलं. मग काय करावं? रोज दिवेलागणीला पुस्तक उघडतात, एक पान उलटतात, आणि त्याला एका पानाला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ गप्प बसतात. पुस्तक संपलं. संपलं की थांबायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

काल मी आणि पाळकसाहेब जाऊन बसलो. ते आता उपदेश करतील म्हणून मी पदर सावरून तयार. त्यांनी तोंड उघडलं नाही. डोळे पुसले आणि बसून राहिले. त्यांना इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच पाहिलं.

रडू आलं तर रड. शेजारच्या काकूंना सोबतीला बोलव. माया आहे, तुझीही असू दे.
आजी


रविवार, ता. १६

ति. आजीस,
सा. न.

मला रडू येत नाही. काकू आल्या होत्या, त्याच रडल्या.

तिथल्या लोकांना एकच विचार. बाबांनी कधी माझं नाव काढलं होतं का? मला बरं वाटावं म्हणून काही रचून लिहू नकोस. मला कळेल.

ठकू


गुरुवार, ता. २०

चि. ठकूस,
पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

विचारलं. नाही काढलं, बाळा. तुझंही नाही, माझंही नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, घरी कोणाला कळवायचं? तो म्हणाला, मला कोणी नाही.

मी मेलेल्या मुलावर इतकी चिडले, की मशीन तसंच टाकून उठले. तुझी आठवण काढायचा असं लिहायला कागदसुद्धा पुढे ओढला होता. कोण बघायला आलं असतं? पण तू बजावलंस.

मग मुकादमीण म्हणाली, कोणी नाही म्हणाला म्हणून तर आम्ही पाळी लावली. कोणी नाही म्हणजे मग आपलाच. तेव्हा मी सांगून टाकलं, त्याला मी आहे, एक मुलगी आहे, मोठी झाली, लेकरांना शिकवते. ती उठून गेली. मला वाटलं, त्याच्या खोट्याचा राग आला. थोड्या वेळाने ती त्या सगळ्या घरांतल्या बायका घेऊन आली. आठही जणी माझ्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, त्याला उचलायचा, न्हाऊ घालायचा, माती द्यायचा हक्क तुमचा आणि त्या मुलीचा होता. आम्ही न विचारता घेतला. चूक झाली, माफ करा.

ठकू, अकरा वर्षं मी देवाकडे एकच मागत होते, माझं पोर असेल तिथे एकटं नको. देवाने ते ऐकलं होतं. आणि वर ह्या आठ जणींच्या रूपाने त्यानेच धुळीने भरलेले हात जोडून माझी माफी मागितली.

तुझ्या बापावर राग ठेव हवा तर, मी काढ म्हणणार नाही. माझ्यावर तेवढा लोभ राहू दे.

तुझी
आजी