कोंडवाड्यातली मेंढरं

प्रिय हरणा,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. फाडायच्या आधी वाच, एवढंच मागणं. लहानपणी हट्टाला पेटलीस की बोकडासारखी चार पाय रोवून उभी राहायचीस, कराडला नांदायला गेलीस तरी ते काही मोडलं नाही.

मी मेंढरं विकली म्हणून तुझा राग आहे. असू दे. मला अजूनही ती चूक वाटत नाही. जतच्या माळावर बघावं तिथं आता तारेचं कुंपण, राखायला माणूस मिळत नाही, आणि फौजेतून आलेल्या माझ्या गुडघ्यांना चढ सोसत नाही. आबाही तेव्हा "इकून टाक" म्हणाले होते. ते त्यांना आता आठवत नाही, तिथंच सगळं घोडं अडलंय.

आबांच्या डोक्यात सध्या इंग्रज आलेत. हसू नकोस, मीही आधी हसलो होतो. बेचाळीसच्या आधीची ती गोष्ट आपण त्यांच्याच मांडीवर ऐकलेली. कोंडीबा आजा मेंढरं घेऊन कोयनेकडे गेला, रानात चारल्याबद्दल सरकारनं चराईपट्टी मागितली. "गवत द्येवाच्या पावसानं उगवलं, त्याची पट्टी तुमाला कशापाय द्यावी?" म्हणून आजा अडला आणि शिपायांनी सगळा कळप कोंडवाड्यात घातला. मेंढरं सुटेपर्यंत आजानं अन्नाला हात लावला नाही. भावकीतल्या एकानं मात्र गुपचूप पट्टी भरून आपली मेंढरं सोडवली. त्याच्या हातचं पाणी आपल्या घरात पुन्हा कुणी घेतलं नाही.

आता आबा स्वतःच आजा झाल्यासारखे रोज विचारतात, "मेंढरं सुटली का रं?" नाही म्हटलं की जेवत नाहीत. तुझी वहिनी ताकात भाकरी कुस्करून समोर बसते, ते ओठ मिटून घेतात. डॉक्टरांनी नळी घातली, ती त्यांनी उपसून काढली. कुशीवर वळवताना हाताला नुसती हाडं लागतात गं.

मग मला अक्कल सुचली. शेजारच्या भाऊसोची मेंढरं मागून आणली, त्यांच्या पाठीवर आपली गेरूची खूण ओढली आणि आबांना अंगणात बाजेवर बसवलं. त्यांनी एकीची लोकर चाचपली, कान कुरवाळला. चेहरा असा उजळला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्या भरात मी बोलून गेलो, "आबा, म्या सोडवून आणली."

त्यांचा हात तिथंच थांबला. "म्हंजी पट्टी भरलीस व्हय?" जन्मभर सरकारचा पगार खाल्लेला माणूस, माझा त्यांनी काय भरवसा धरावा? "आमी उपाशी ऱ्हायलो आन् तू इंग्रजाला पैसं दिलंस," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. किती समजावलं, पाया पडलो. आता माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत, तुझ्या वहिनीच्याही नाही. सीमेवर बर्फात राहिलो, पण इतका हतबल कधी झालो नव्हतो. बाप डोळ्यांदेखत वाळत चाललाय आणि त्याच्या लेखी मी फितूर.

हरणा, त्या गोष्टीचा शेवट तुला आठवतो ना? अडून बसला आजा, पण मेंढरं सोडवली अंबूआजीनं. विळा घेऊन गेली, कोंडवाड्याचं काटेरी कुंपण तोडलं आणि कळप हाकत डोंगर उतरली. तिनं भरवला तेव्हाच आजानं घास घेतला. तू थेट तिच्या तोंडवळ्याची, असं आबा नेहमी म्हणायचे. म्हणून ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. विळा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहा आणि सांग, "आबा, नानानं पट्टी भरली न्हाई. कुंपण म्या तोडलं." मग ताकभाकरी भरव. तू येईपर्यंत भाऊसोची मेंढरं मी अंगणातच ठेवून घेतली आहेत.

आबांचा फितूर, पण तुझाच,
नाना