वगळलेला गुरुवार

मळ्यावरून,
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अंकिता हिस,

जय जिनेंद्र. वडीलकीचे आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं होतं, पण या पत्रात तरी ते मला शोभणार नाहीत. तुम्ही तिघं खुशाल असाल. इकडे आप्पांची तब्येत ठीक. गुडघा दुखतो, पण देवळाच्या पायऱ्या चढायचं सोडत नाहीत. सोयाबीन फुलावर आलंय. तुमच्या खोलीची खिडकी पावसाने फुगून बसत नव्हती, ती सुताराकडून तासून घेतली. आता एका हाताने लागते.

हे सगळं खरं आहे, पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

सर्वांत आधी दुधाचं. आर्जवने निरोप दिला असेल, तरी माझ्या अक्षरात पुन्हा लिहिते. ब्राह्मीला दूध, दही, ताक, तूप यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. दुधाची बिस्किटंसुद्धा नकोत. तू नेलेल्या वहीत सतराव्या पानावर मी ‘दुधामुळे नाही’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. ते चूक आहे. जाताना तू म्हणाली होतीस, ‘मग दूध तरी सुरू करते, पोरगी वाळून चाललीय माझी.’ रविवारी संध्याकाळपासून माझ्या कानात तेवढंच वाक्य होतं. तू माझा फोन घेत नाहीस, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, म्हणून आर्जवला लावला. अजून दिलेलं नाही म्हणाला.

त्याने ‘का’ विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाला, “अंकिताला आपण डॉक्टरांनीच सांगितलं असं सांगू. तू काय लिहू-बिहू नकोस आक्का. आधीच लय झालंय.”

माझा भाऊ चांगला आहे. लहानपणी माझ्या हातून फुटलेली बरणी त्याने स्वतःच्या नावावर घेतली होती. पण या वेळी मी त्याला तसं करू देणार नाही.

तुला ठाऊक असलेलंच क्रमाने लिहिते, कारण माझ्या क्रमात एक जागा चुकलेली आहे.

ब्राह्मीच्या अंगावर गांध्या उठायच्या, उलट्या व्हायच्या, म्हणून सांगलीच्या डॉक्टरांनी तीस जूनपासून दूध बंद करायला सांगितलं आणि खाल्लेला प्रत्येक घास लिहून ठेवायला सांगितला. पाळणाघराने आजारी मूल नको म्हटल्यापासून ती माझ्याकडेच होती. तुम्ही दोघं शनिवारी संध्याकाळी साताऱ्याहून यायचात, रविवारी परत जायचात. वही माझ्याकडे आली. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! पंचवीस वर्षं मी रोजनिशी लिहिते आणि त्या लिहिण्याचा कुणाला काही उपयोग होईल असं पहिल्यांदाच झालं होतं. चार रकाने आखले: वेळ, खाणं, किती, त्रास. तू हसली होतीस. “आक्का, तुमची वही म्हणजे ठाण्यातली डायरी हाय. शी कवा केली, किती केली, साक्षीदार कोण!” मीही हसले होते. आपण दोघी मोकळेपणी हसलो ती बहुतेक शेवटची वेळ.

दूध बंद झालं आणि सोमवार ते शनिवार पोरगी स्वच्छ. पण सहा जुलैला रविवारी त्रास झाला. तेराला रविवारी, वीसला रविवारी. पंचवीसला मी एकटीच तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही चाळली आणि साधा प्रश्न विचारला, “रविवारी वेगळं काय असतं?”

मी म्हणाले, “रविवारी तिची आई असते.”

ते म्हणाले, “मग आईला विचारा, ती वेगळं काही भरवते का.” त्यांचं काहीच चुकलं नाही. मी दाखवलं तेवढंच त्यांनी पाहिलं.

मग सत्तावीसचा रविवार. तिच्या ओठाभोवती पुन्हा लाल झालं आणि मी आप्पांच्या देखत तुला विचारलं, “हिला अंडं देतेस का?” आवाज न चढवता विचारलं, हे मी त्या दिवशी रोजनिशीत लिहून ठेवलंय, जणू त्याने काही फरक पडतो. मग आटपाडीची बोली तुझ्या तोंडात आली. “आवं आक्का, सात वर्सं झाली या घरात येऊन. माझ्या आयकडं कोंबड्या हायत म्हणून माझ्या पदराला अजून पिसं चिकटल्यात व्हय?” आप्पा पेपरमागे होते. आर्जव गाडीची किल्ली शोधत होता. संध्याकाळी तू ब्राह्मीला उचललंस, वही पर्समध्ये घातलीस आणि गेलीस.

आता न लिहिलेलं लिहिते.

तू नेलीस ती वही डॉक्टरांसाठी मी सुवाच्य उतरवून काढलेली होती. कच्ची पानं माझ्याकडे राहिली. पक्क्या वहीत गुरुवार, सतरा जुलैसमोर नाचणीची बिनताकाची आंबील, वरणभात, केळं, आणि ‘त्रास’च्या रकान्यात एक आडवी रेघ आहे. कच्च्या पानावर असं आहे: ‘सकाळी नऊ. ओठाभोवती लाल. डाव्या गालावर तीन गांध्या. एक उलटी. अकरापर्यंत उतरलं.’

त्या गुरुवारी तू साताऱ्यात होतीस.

उतरवताना माझा हात तिथे थांबला होता. उकाडा असेल, डास चावले असतील, असं मनाशी म्हटलं आणि रेघ ओढली. बी.एस्सी.ला आमच्या प्रयोगशाळेत मॅडम बजावायच्या, न जुळणारं रीडिंग गाळायचं नाही, त्याला गोल करायचा आणि पुन्हा मोजायचं. मी गाळलं. विसरून नाही, अंकिता. तो गुरुवार धरला असता तर रविवार तुझा राहिला नसता.

तुम्ही गेल्यावर तीन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी आर्जव फोनवर म्हणाला, “तिला इकडं काहीच होत नाही आक्का.” तेव्हाही माझ्या मनात आलेला पहिला विचार असा, की घाबरून हिने अंडं बंद केलं असणार. तोही लिहून टाकते, नाहीतर हे पत्रसुद्धा उतरवून काढलेलं होईल.

परवाच्या रविवारी नेहमीसारखी देवळात गेले आणि नेहमीसारखी छोट्या पितळी वाटीत गंधोदक, अभिषेकाचं पाणी, घेऊन आले. घरी त्या वाटीची वाट बघणारं कुणी नाही, हे पायरीवर आल्यावर लक्षात आलं. आप्पा देवळातच लावून घेतात. वाटी कोनाड्यात ठेवली आणि विसरले. खरं तर असं ठेवायचं नसतं. दुपारी जेवणं झाल्यावर कोनाड्यापाशी आंबूस वास आला. वाटीत पांढरट चोथा तळाला बसला होता आणि वर निवळी. दूध नासल्यावर होतं तसं.

मी वाटी नाकाशी नेऊन पुन्हा वास घेतला.

इतर दिवशी आपल्या देवळात पाण्याचा अभिषेक असतो. रविवारी पंचामृताचा. दूध, दही, तूप. जन्मापासून मला हे माहीत आहे. रविवारी सकाळी तू आठवडाभराची दमून झोपलेली असायचीस आणि ब्राह्मी पायरीवर बसून माझी वाट बघायची. मी तिच्या कपाळाला, डोळ्यांना गंधोदक लावायचे. ओघळ नाकावरून ओठावर यायचा आणि ती जीभ बाहेर काढायची. रविवारचं गोडसर लागायचं. “आत्ती, आनी दे,” म्हणायची. मग मी बोट बुडवून तिला चाटायला द्यायचे. एकदा नाही, तीन-चारदा. गंधोदक असं चाटवत नाहीत, आप्पांनी पाहिलं असतं तर रागावले असते. म्हणून ते आमचं दोघींचं गुपित होतं.

वहीत खाणं लिहायचं होतं. देवाचं पाणी खाण्यात धरावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

रोजनिशी काढून सतरा जुलैचं पान पाहिलं. माझंच अक्षर: ‘आज पाटलांच्या नातवाचा वाढदिवस, म्हणून गुरुवार असून पंचामृत.’

आप्पा ओसरीवर बसले होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “आगं, देवाचं पाणी हाय ते. त्यानं कुणाला काय व्हतंय?”

“आप्पा, दूध हाय ते.”

“कुणाला सांगू नगंस हे. लोक देवळाला नावं ठेवत्याल.”

“देवळाचं काही चुकलं नाही. चाटवलं मी.”

ते उठून आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एक गोष्ट उरते आणि ती लिहायला मला तीन कागद लागले.

गुरुवार मी का गाळला? लग्न केलं नाही, आईच्या आजारपणात घरी आले ती राहिलेच, चव्वेचाळीसची झाले, याचं मला फारसं दुःख आहे असं मी कधी मानलं नाही. पण गेले आठ महिने कुणीतरी मला शोधत खोलीतून खोलीत येत होतं. शनिवारी संध्याकाळी तुमची गाडी वाजली की ती माझ्या कडेवरून उतरून तुझ्याकडे धावायची आणि रविवारी तुम्ही जाईपर्यंत मी तिच्या लेखी घरातलं एखादं कपाट व्हायचे. रविवारची ती पायरीवरची दहा मिनिटं तेवढी माझी. तिला त्रास तुझ्यामुळे होतो असं ठरलं असतं, तर ती इथेच राहिली असती. हे मी तेव्हा शब्दांत म्हटलं नव्हतं. पण रेघ ओढणाऱ्या हाताला ते माहीत होतं, असं आता वाटतं. आणि ज्या दहा मिनिटांसाठी हे सगळं, त्यातच मी तिला आजारी पाडत होते.

आता कामाचं. सोबत कच्ची पानं जशीच्या तशी पाठवते आहे, खाडाखोडीसकट. गुरुवारला गोल केला आहे. रविवारच्या आणि त्या गुरुवारच्या तारखांसमोर ‘गंधोदक, पंचामृताचं, चाटवलं’ असं लाल शाईने आत्ता लिहिलंय, आत्ता लिहिलंय हेही तिथे नोंदवलंय. ती साताऱ्याच्या डॉक्टरांना दाखव. मी नुसती जुळणी केली आहे, ठरवायचं त्यांनी. जुन्या वहीत शेंगदाणे आणि गव्हापुढे माझी प्रश्नचिन्हं आहेत, त्यांना काही आधार नाही. ती वाचून तू तेही बंद केलं असशील, तर डॉक्टरांना विचारून बघ. पोरगी त्यापायी वाळत असेल तर तेही माझ्याच नावावर. आणि ‘अंडं’ या शब्दाला संपूर्ण वहीत एकही नोंद नाही. तो फक्त माझ्या तोंडात होता.

पुढच्या आठवड्यात पर्युषण बसेल. शेवटी क्षमावाणीला आपल्याकडे सगळे सगळ्यांची क्षमा मागतात, तुझ्याही फोनवर पन्नास निरोप येतील. त्यांच्यात माझा एक मिसळून गेला असता आणि तुलाही रीत म्हणून उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून आज लिहिते. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, तो घेण्यासाठी खरी नोंद दडवली. त्याची क्षमा मागते. ती देण्याचं तुझ्यावर बंधन नाही.

ब्राह्मीला इकडे आण असं मी म्हणणार नाही. ते म्हणण्याची माझी जागा उरलेली नाही. तुझ्या आईंना, रंगुबाईंना, हे पत्र वाचून दाखवलंस तर बरं होईल. कोंबड्यांची गोष्ट त्यांच्याही घरापर्यंत पोचली असणार.

एवढं लिहिलं आणि आप्पा मागे येऊन उभे राहिले. चष्मा नव्हता, त्यामुळे वाचता आलं नसेल. म्हणाले, “अंकिताला लिहितीयास न्हवं?” मी हो म्हटलं. “मग माझं बी लिही. तवा मी पेपर धरून गप बसलो, त्ये लिही.” मग कोनाड्यातली वाटी उचलून आत घेऊन गेले. राखेने घासल्याचा आवाज येतोय.

उत्तराची वाट बघेन असं लिहिलं तर तुझ्यावर ओझं होईल. बघणार नाही असं लिहिलं तर आणखी एक खोटी नोंद होईल.

तुझी,
(पुढे आक्का लिहायचं की नाही, ते तू ठरव)

प्रियदर्शनी